नुसता येऊन उभा राहा

चिकलठाणा,
९ जानेवारी २०२५

आक्का,
पाया पडतो.

परवा फोन केला तेव्हा तू नुसतंच "कोण? कोण?" करत राहिलीस आणि शेवटी रागावून ठेवून दिलास. तापात तुझे कान गेले तेव्हाच ठरवलं होतं, पलटणीतून लिहायचो तशी पत्रं लिहायची. पण पेन्शनवर घरी आलो आणि आळस शिरला. आता पुन्हा सुरू करतो. तुझा बिभीषण पाचोडला बाजाराला गेला की त्याच्याजवळ उत्तर दे, तो पेटीत टाकील.

नोकरी लागली. क्रांती चौकात एक सोन्याचांदीचं दुकान आहे, त्याच्या दारात उभं राहायचं. फौजेतून आलेला माणूस आणि त्याची स्वतःची लायसनची बंदूक, एवढंच त्यांना हवं होतं. माझी दुनळी खांद्याला अडकवून दिवसभर उभा असतो. पाय दुखतात, बाकी काम सोपं.

पण एक गोष्ट आहे. सुकेशनीला सांगितली तर ती हसली, म्हणून तुला लिहितो. आक्का, मला भीती वाटते.

चोरांची नाही. फौजेत सगळ्यांच्याच हातात हत्यार असायचं, त्यामुळं कुणालाच त्याचं काही वाटायचं नाही. इथं एवढ्या गर्दीच्या चौकात ते माझ्या एकट्याजवळ. माणूस समोरून आला की आधी बंदुकीकडं बघतो, मग माझ्या तोंडाकडं, मग परत बंदुकीकडं. काही विचारलं तरी तिलाच विचारल्यासारखं विचारतो.

माझा स्वभाव तुला माहीत आहे. बाजारात कुणाचा धक्का लागला तरी मी सोडत नसे. इथं एक रिक्षावाला रोज बरोबर दुकानाच्या पायरीशी रिक्षा लावतो. मी म्हणालो, "भाऊ, जरा पुढं घ्या." तो म्हणाला, "तेरे बाप की सडक है क्या?" आधीचा राम असता तर त्याची कॉलर हातात असती. मी मागं सरलो आणि म्हणालो, "बरं, राहू द्या." बघणाऱ्यांना वाटलं, काय सभ्य माणूस ठेवलाय दुकानदारानं.

सभ्यपणा नाही तो. माझा आवाज चढला की हात चढतो, लहानपणापासूनच. आता त्या हाताजवळ ती असते. म्हणून मी आवाजच चढू देत नाही. घरीसुद्धा तसंच बोलायला लागलोय. काल सुकेशनी म्हणाली, "अहो, मी काय गिऱ्हाईक आहे का?"

मेंढरं कशी आहेत ते कळव.

तुझा,
राम

*

वाडी, पाचोडजवळ
२१ जानेवारी

रामा, लई आयुष्य लाभो तुला.

पत्र वाचलं. मग परत वाचलं. बंदूक तुझ्या खांद्याला, आन् भ्या बी तुलाच? मग आमच्यासारख्यांनी काय करावं रे? लहानपणी लांडगा आला तर काठी घेऊन मागं पळायचास. फौजेनं तुला भित्रं करून धाडलं व्हय?

पर तुझं पत्र येळेवर आलं. मी लिहिणारच व्हते.

तात्यासाहेबांचा इंद्रजीत तुला आठवतो ना? बारका व्हता तवा आपल्या मेंढरांच्या वाड्यात येऊन कोकरं मांडीवर घेऊन बसायचा. आता शहरात ठेके घेतो, जीप हाये, मागं चार पोरं हिंडतात. त्यानं आपली पांदण बंद केली. आपल्या आज्यापासून मेंढरं त्या पांदणीनंच तळ्यावर पाण्याला जातात. त्यानं तिथं लोखंडी फाटक लावलं आन् म्हणतो, ह्यो माझ्या शेताचा भाग हाये, तुम्ही डांबरी रस्त्यानं वळसा घालून जा. मी भांडले. त्यानं मला शिव्या दिल्या, मी त्याला दिल्या. मला त्याच्या ऐकू आल्या नाहीत, पर तोंड बघून समजलं. त्याला माझ्या समद्या ऐकू आल्या असतील.

पर भांडून फाटक उघडलं नाय. तात्यासाहेब चांगला माणूस, पर लेकापुढं त्यांचं चालत नाय.

तवा तू ये. दोन दिसाची सुट्टी काढ. बंदूक खांद्याला लाव आन् बाजारच्या दिशी माझ्यासंगं त्या फाटकापशी चल. गोळी आणू नको वाटलं तर. बोलू बी नको. नुसता येऊन उभा राहा.

बिभीषण म्हणतो, मामा आला तर पुढचं काय सांगायचं कामच नाय.

आक्का

*

चिकलठाणा,
४ फेब्रुवारी

आक्का,

तुला राग येईल हे माहीत असूनही लिहितो. मी येणार नाही. म्हणजे मी येईन, पण ती घेऊन नाही.

का, ते सांगतो. गेल्या आठवड्यात दुकानात मोतीराम नावाचे एक गृहस्थ आले होते. धोतर, टोपी, आपल्याकडच्यासारखेच. मुलीच्या लग्नात नेलेल्या मंगळसूत्राची कडी लग्नातच तुटली होती. जोडून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, तुम्हीच ओढली असेल. बोलाचाली वाढली. मोतीरामांचं खरं होतं, ती कडी कच्चीच होती, दुकानातल्या सगळ्यांना ते माहीत होतं. तेवढ्यात शेठनं हाक मारली, "राम, जरा आत ये."

मी आत गेलो आणि भिंतीजवळ उभा राहिलो. एक शब्द बोललो नाही. बंदूक खांद्यावरून काढलीसुद्धा नाही.

मोतीरामांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांचं बोलणं तोंडातच राहिलं. मग त्यांनी हात जोडले. आधी शेठला, मग मला, मग त्या काउंटरवरच्या माणसालाही. म्हणाले, "चुकलं साहेब. आमच्याच हातानं तुटली असंल." मंगळसूत्र रुमालात बांधलं आणि गेले. जाताना दारात मला वाट देऊन बाजूला थांबले. मी दाराचा राखणदार, आणि ते मला वाट देत होते.

शेठनं माझ्यासाठी चहा मागवला. म्हणाले, "तुझं काम मला आवडलं. आवाज नाही, काही नाही." तो चहा मी प्यालो नाही.

तू म्हणतेस, नुसता येऊन उभा राहा. आक्का, मी तिथं नुसताच उभा होतो.

पांदणीसाठी तहसीलला अर्ज करा. वहिवाटीचा रस्ता असा अडवता येत नाही, कायदा आहे. पुंडलिकसारखे शेजारी साक्ष देतील. अर्ज मी लिहून याच पाकिटात घालतोय, तू फक्त सही कर.

राम

*

वाडी
२६ फेब्रुवारी

रामा,

अर्ज दिला. तारीख भेटली. त्या तारखेला साहेब नव्हते, पुढची भेटली.

मेंढरं डांबरी रस्त्यानं न्यावी लागतात. टँकरखाली दोन गेली, दोन्ही गाभण. बिभीषण इंद्रजीतला जाब विचारायला त्याच्या आखाड्यावर, शेतातल्या घरावर गेला. आता ओठ फाटलाय, डोळा सुजलाय. दवाखान्यात टाके घातले. काळजी करण्यासारखं नाय.

तू येऊ नको. तुझी नोकरी नवी हाये. आमचं आम्ही बघू.

आक्का

*

वाडी
१४ मार्च

रामा, माझ्या राजा,

यायचं कळवलं बी नाय आन् फाट्यावरून चालत दारात उभा! खांद्याला बंदूक बघून आधी मला तू वळखूच आला नाहीस. मला वाटलं पोलीस आला.

तू गेल्यापासून वाडीत दुसरं बोलणं नाय. मला ऐकू येत नाय, पर दिसतं समदं. तू फाटकापशी जाऊन उभा राहिलास आन् इंद्रजीतची ती चारी पोरं जीपच्या पल्याड गेली. तात्यासाहेब आखाड्यातून भायेर आले, तुला कसे हसून हात जोडून बोलले! येवढा मोठा माणूस, त्यांनी सोताच्या हातानं फाटक उघडलं. इंद्रजीत नुसता खाली बघत व्हता. मेंढरं पांदणीनं गेली तवा मला रडू आलं.

आता रोज जाते. कुणी आडवत नाय. गिरणीत गेले तर कडुबा म्हणतो, मावशी, तुमचं दळण आधी. ज्या बाया पाण्यावरून माझ्याशी भांडायच्या, त्या सरकून जागा देतात. मनकर्णाबाई तर दोन दिस झाले माझ्याशी एक बी वाकडा शब्द बोलली नाय, आन् ती बाई देवाला बी सोडत नाय.

बिभीषणची छाती फुगलीय. कुणी काय बोललं की म्हणतो, मामाला बोलावू का? मी त्याला म्हणलं, लई बोलू नको. पर खरं सांगू, मला बी बरं वाटतं.

येक समजलं नाय. तू जेवला का नाहीस? मी पुरणाचं केलं व्हतं. पाण्याचा तांब्या बी तसाच ठेवलास आन् पयल्या गाडीनं गेलास. काय चुकलं माझं?

आक्का

*

चिकलठाणा,
२३ मार्च

आक्का,

तुझं काही चुकलं नाही. तू त्या दिवशी सगळं पाहिलंस, पण तुला ऐकू आलं नाही. जे ऐकू आलं नाही ते लिहितो.

तात्यासाहेब हसत नव्हते. तोंड वेडंवाकडं झालं होतं त्यांचं. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "रामराव, पोराला काही करू नका. मला एकच आहे. काय पाहिजे ते घ्या." मला कधी कुणी रामराव म्हणालेलं नाही. ज्यांच्या दारात आपले वडील पायरीवर बसायचे, ते तात्यासाहेब माझ्यापुढं कापत होते. मी म्हणालो, "तात्या, मेंढरं पाण्याला न्यायचीत." हळूच म्हणालो, दुकानात बोलतो तसंच. त्यामुळं ते आणखी घाबरले. मी ओरडलो असतो तर त्यांना कळलं असतं, हा आपला राम्या आहे, तापट आहे, ओरडेल आणि जाईल.

आता दुसरं. फाट्यावर उतरेपर्यंत बंदूक कव्हरात होती. बाभळीखाली मी कव्हर काढलं, खांद्याला लावली आणि चालायला लागलो. बिभीषणचा फाटका ओठ डोळ्यासमोर होता. तू म्हणाली होतीस गोळी आणू नको, पण दोन्ही नळ्यांत काडतुसं होती. ती मी बाभळीखालीच भरली.

तात्यासाहेब फाटक उघडत होते तेव्हा इंद्रजीतनं जीपमध्ये हात घातला. तू तेव्हा मेंढरांकडं वळली होतीस. माझी बंदूक खांद्यावरून हातात आली होती आणि अंगठा खटक्यावर गेला होता. मी नेला नाही, आक्का. तो गेला. इंद्रजीतनं जीपमधून फाटकाची किल्ली बाहेर काढली. साखळीची दुसरी किल्ली. ती बापाला द्यायला तो हात घालत होता. त्यानं माझा अंगठा पाहिला. बाकी कुणी पाहिला नाही.

आणि याच्याहून वाईट म्हणजे, फाटक उघडलं तेव्हा मलाही बरं वाटलं. तुझ्यासारखंच. मी एवढा हळू बोललो आणि एवढी माणसं गप्प झाली, ते गोड लागलं. त्या गोडीलाच मी भ्यालो. तसल्या तोंडानं तुझ्या घरचं पुरण कसं खायचं?

बिभीषणला सांग, माझं नाव घेऊन कुणाला दम देऊ नको. हात जोडून सांगतो.

राम

*

वाडी
२० एप्रिल

रामा,

तुझं पत्र वाचून मी चार दिस तुझ्यावर रुसले व्हते. मला वाटलं, ह्यो शहरात जाऊन फार इचार करायला लागला. आता रुसवा गेला, कारण आता मला बी भ्या वाटतंय.

इंद्रजीत पिस्तूल लावून हिंडतो. लायसन त्याच्यापशी आधीचंच व्हतं म्हणतात, पिस्तूल शहरात कपाटात असायचं. आता सदऱ्यावरून पट्टा बांधतो आन् त्याला ते लटकवतो, समद्यांना दिसंल आसं.

आन् रामा, तो लई चांगला वागतो. रोज सांजच्याला फाटकात उभा. मी आले की हात जोडतो. म्हणतो, "बानामावशी, पाणी पाजलं का? ऊन लई हाये, सावलीत बसा." ओठ हळूहळू हलवतो, मला वाचता यावं म्हणून. पांदण उघडीच हाये. फाटक सोता धरून उभा राहतो. मेंढरं जाईपर्यंत त्याची नजर माझ्यावर आन् हात पट्ट्यावर.

शिव्या देत व्हता तवा मला त्याची कधी भीती वाटली नाय. आता वाटते. शिव्या देणाऱ्या माणसाच्या मनात काय हाये ते तोंडावर येतं. ह्याच्या तोंडावर काहीच येत नाय.

वाडी बदलली. हाटेलात कुणी मस्करी करत नाय. पुंडलिकच्या विहिरीवर त्यानं आपली मोटर बसवली, पुंडलिक म्हणला, बसवा की मालक. नाय कोण म्हणणार? तो मागतोच आसा की जणू आपणच त्याच्यावर उपकार करतोय. तात्यासाहेब आखाड्याच्या भायेर येत नाहीत.

खरं भ्या पुढं हाये. बिभीषण गप गप असतो. परवा तो जालन्याकडच्या कुणाला तरी फोन करत व्हता. मी ओठ वाचले. "गावठी कट्टा" म्हणला. दोनदा म्हणला. मी इचारलं तर म्हणतो, गाडीच्या सामानाचं बोलत व्हतो. माझा लेक माझ्याशी खोटं बोलला.

आता तू ये. पर ती आणू नको. मीच तुला आण म्हणले व्हते, मीच सांगते, आणू नको.

आक्का

*

चिकलठाणा,
२४ एप्रिल

आक्का,

पत्र मिळताच हे लिहितोय, कुरिअरनं धाडतो. बिभीषणला नजरेआड होऊ देऊ नको. त्याला यातलं काही सांगू नको, नुसतं म्हण की मामानं कंपनीत काम बघितलंय. खरंच बघितलंय, इथं चिकलठाण्यातच.

मी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. ठाण्यातला जमादार म्हणाला, "का हो, काय झालं?" मी म्हणालो, काही व्हायच्या आत देतोय. शेठनं दुसरा माणूस ठेवला. मी एका कारखान्याच्या गेटवर लागलो, काठी आणि शिट्टी. पगार कमी, पण सुकेशनी म्हणते चालेल.

रविवारी आम्ही दोघं येतो. मी इंद्रजीतकडं जाणार आहे, चार माणसांसमोर. त्या दिवशी मी जे केलं त्याची माफी मागणार आहे. आधी मी घेऊन आलो, मगच त्यानं पट्टा बांधला. मी खाली ठेवली हे त्यानं डोळ्यांनी बघितलं, तर कदाचित तोही ठेवील.

कदाचित म्हणतो.

राम

*

चिकलठाणा,
२ मे

आक्का,

बिभीषण इथं सुखरूप आहे. कारखान्यात पॅकिंगला लागला. माझ्याशी अजून बोलत नाही, पण सुकेशनीच्या हातचं पोटभर जेवतो.

रविवारी पारावर काय झालं ते तू लांबून पाहिलंस. मी सदरा वर करून मोकळी कंबर दाखवली, माफी मागितली. इंद्रजीत हसला, वाकून माझ्या पाया पडला. तू गाडीत बसवताना माझा हात दाबलास आणि म्हणालीस, बरं झालं, मिटलं.

मिटलं नाही. पाया पडून उठताना तो माझ्या कानाशी म्हणाला, "मामा, माफी कशाची? तुम्हीच तर मला शिकवलं. मी आधी किती ओरडायचो, मारामाऱ्या करायचो, कुणी ऐकत नव्हतं. तुम्ही त्या दिवशी आवाजसुद्धा चढवला नाही. तेव्हा कळलं मला. तुम्हाला आता गरज नसेल. माझं पिस्तूल राहू द्या."

मग त्यानं तुझ्याकडं बघून हात जोडले.

तू त्या पांदणीनं जाऊ नको. वळसा पडला तरी चालेल. किंवा मेंढरं विकून इकडं ये. मला इथं गेटवर उभं राहिलं की सारखं वाटतं, तिकडं आत्ता सांज झाली असेल, तू फाटकाशी आली असशील.

उत्तर लवकर दे.

राम

*

वाडी
१९ मे

रामा,

मी जिती हाये. हे आधी लिहिते, मग बाकीचं.

तुझं पत्र आलं तवा मला वाटलं, मेंढरं विकावीत. पर इकून शहरात येऊन मी काय करू, बहिऱ्या बाईनं? म्हणून पांदणीनंच जात राहिले. तुला कळवलं नाय.

अजून येक कळवलं नव्हतं. एप्रिलातच इंद्रजीत एकदा हात जोडून म्हणला व्हता, "मावशी, ते तांबडं कोकरू लई देखणं हाये." येवढंच. मी ते उचलून त्याच्या पोरांच्या हातात दिलं. त्यानं मागितलं नव्हतं, मीच दिलं. घरी येऊन मला सोताचीच किळस आली.

आठ दिसांमागं तो फाटकात उभा व्हता. हसला. ओठ हलवले, "मावशी, त्या कपाळावर चांद असलेल्या कोकराला मी लई दिस बघतोय."

मी म्हणलं, "नाय देत."

हसू व्हतं तसंच राहिलं. हात कमरेला गेला. मला ऐकू येत नाय, म्हणून माझं ध्यान माणसाच्या हातावर लई असतं. त्यानं म्यानाचं बटण उघडलं. मी बघितलं, रामा. माझ्या मागं मेंढरं दाटली व्हती, सरायला जागा नव्हती. मला वाटलं, आता बसून घ्यावं, कोकरू द्यावं, पाया पडावं.

आन् का कोण जाणे, मी ओरडले. फुकट्या म्हणलं, भिकारड्या म्हणलं, बारका व्हतास तवा माझ्या मांडीवर मुतला व्हतास ते बी काढलं. येतात तेवढ्या समद्या दिल्या. माझा आवाज मला ऐकू येत नाय, तवा किती मोठा व्हता ठाव नाय. पर पुंडलिक विहिरीवरून पळत आला, त्याच्या मागं मनकर्णाबाई, तवा मोठाच असंल. ते लांब उभे राहिले. जवळ कुणी आलं नाय.

हात तिथंच व्हता. बोटं मुठीवर. मी त्याला म्हणलं, "त्या पिस्तुलाला काय हात लावतोस? तुला तोंड नाय का? नाय म्हणलं मी, त्याचं काय ते तोंडानं बोल! बोल की रे!"

त्याचं हसू गेलं. मान लाल झाली, कपाळाची शीर वर आली. मेंढरं बी हलत नव्हती.

मग तो सुटला. समदं वाचता आलं नाय, येवढं भराभर बोलत व्हता. माझ्या आईवरून व्हतं, माझ्या मेलेल्या नवऱ्यावरून व्हतं, तुझं नाव तर चारदा आलं. पाय आपटत व्हता, थुंकी उडत व्हती, आन् दोन्ही हात वर करून माझ्या तोंडापुढं नाचवत व्हता. दोन्ही हात, रामा. कमरेला येक बी नव्हता. मी बी माझे दोन्ही वर केले आन् भांडले.

तात्यासाहेब कवा भायेर आले ते मला दिसलं नाय. ते लेकाच्या मागं येऊन उभे राहिले, त्याच्या खांद्याला हात लावला. इंद्रजीतनं तो झटकला. फाटक ओढलं, साखळी लावली आन् डांबरी रस्त्याकडं बोट करून काहीतरी ओरडला. ते मला वाचावं लागलं नाय.

ते आत गेल्यावर मी बांधावर बसले ती उठताच येईना. मनकर्णाबाईनं पाणी पाजलं. पुंडलिकनं मेंढरं घराकडं वळवली. काल तो मला म्हणला, पुढच्या तारखेला मी येतो तहसीलला, साक्ष देतो. येईल का नाय, काय सांगावं. इंद्रजीतची मोटर अजून त्याच्याच विहिरीवर चालू हाये.

तवा पांदण बंद. मी वळशानं जाते. टँकर आला की मेंढरं कडंला दाबून उभी राहते. जाताना इंद्रजीतच्या आखाड्यावरून जावं लागतं. तो दिसतो. नमस्कार करत नाय, बघत नाय. पट्टा हाये, पिस्तूल हाये. माझं भ्या गेलं आसं समजू नको. त्या वळणावर रोज पाठ सारखी गरम लागते, कुणी उन्हात धरल्यावानी. बिभीषणला इतक्यात धाडू नको.

मान मात्र मी खाली घालत नाय. ते चांदाचं कोकरू माझ्या खांद्यावर असतं, गळ्याभवती आलेले त्याचे पाय ती खाली होऊ बी देत नायत.

आक्का